किल्लीचा खिळा

मेडिकलच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षं उभं राहिलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्सपायरी तरी असते.

आमचं दुकान मंडईजवळ. मालक रशीदभाई, मी फार्मासिस्ट. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आहे आणि काउंटरमागे एक खिळा ठोकलेला आहे. शिंकांची, झोप आणणारी गोळी कुणी दुकानातच पाणी मागून घेतली, की त्याच्या गाडीची किल्ली त्या खिळ्यावर. रिक्षाने जा, नाहीतर घरून कुणाला तरी बोलवा. हा रशीदभाईंचा नियम.

एक गृहस्थ चिडले. "पलीकडच्या दुकानात असलं काही विचारत नाहीत."

"त्यांच्याकडे बाकडं नाही," रशीदभाई म्हणाले. "झोपाल कुठे?"

*

हडपसरहून एक आयटीवाला आला. सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप आणि अ‍ॅलर्जीची गोळी असं तिन्ही एकदम चालू होतं. "काका, ब्रँड वेगळे आहेत ना?"

रशीदभाईंनी तिन्हींवरची बारीक अक्षरं त्याला मोठ्याने वाचायला लावली. एकच औषध तिन्हींत. "आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस नाही," त्यांनी बजावलं.

"म्हणूनच काल मीटिंगमध्ये मला झोप लागली!"

"ती गोळीने लागली की मीटिंगने, हे मला सांगता येणार नाही."

*

एक बाई लहान मुलासाठी मोठ्यांची गोळी अर्धी करून मागत होत्या. रशीदभाईंनी विचारलं, "अहो, त्याला वडिलांची चप्पल अर्धी कापून घालता का?" बाई तडक मुलांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आल्या, तेही आमच्याचकडे.

*

देशपांडे सर म्हणजे निवृत्त शिक्षक. रोज आमच्या बाकड्यावर बसून पेपर वाचतात, तोही आमचाच. एकदा त्यांच्या लुनाची किल्ली खिळ्यावर गेली, तर म्हणाले, "पावती द्या."

रशीदभाईंनी दिली. सरांनी ती जपून पाकिटात ठेवली.

*

आणि मग तो दिवस उजाडला. रशीदभाईंची मुलगी सलमा वारज्याला राहते. पहिलं बाळ झालेलं, आणि ती त्या दिवशीच दवाखान्यातून घरी आली होती. नातवाचं तोंड पाहायला आजोबा अगदी उतावीळ झाले होते. नेमकी समोर मिरचीची पोती उतरली आणि शिंका सुरू झाल्या. बाळासमोर शिंका नकोत म्हणून त्यांनी गुपचूप गोळी घेतली, एक वाजता शटर ओढलं आणि स्कूटरची किल्ली काढली.

बाकड्यावरून गोळी घेताना पाहिलेल्या सरांनी हात पुढे केला. "किल्ली."

"सर, मला नाही झोप येत. सवय आहे."

"हे वाक्य या बाकड्यावर मी शंभरदा ऐकलंय. नातवाला आजोबा धडधाकट दाखवायचाय ना?"

मी शटर वर केलं. किल्ली खिळ्यावर गेली, शटर पुन्हा खाली आलं आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो. रशीदभाई इतके रागावले, की रिक्षात कुणाशी बोलेनात. मला खरं तर वाईट वाटत होतं. डेक्कन येईपर्यंत त्यांची मान सरांच्या खांद्यावर कलली, ती थेट वारज्याला सरळ झाली. सरांनी वाटेत खांदा जरासुद्धा हलवला नाही.

सलमाने दार उघडलं. "अब्बा, रिक्षाने आलात? स्कूटर कुठेय?"

रशीदभाईंनी डोळे चोळले, बाळाला अलगद हातांत घेतलं आणि म्हणाले, "देशपांडे सरांना झोप येत होती."

सर म्हणाले, "हो ना. फारच."