हवेतली वेचणी

वडील जाऊन पाच महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या शेतीबद्दल बोलतात. मला मात्र ते शिरपूरच्या दवाखान्यात जमिनीवर मांडी घालून बसलेले आठवतात.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. सातपुड्यातलं एक जोडपं दरवर्षी आमच्या कापसाच्या शेतात कामाला येई आणि वेचणी संपेपर्यंत विहिरीजवळ झोपडी घालून राही. दोघंही वेचत. फवारणी मात्र तो एकटाच करी. पंप पाठीला काचू नये म्हणून तो खाली गोणपाट घ्यायचा. पंप गळका होता, त्यामुळे गोणपाट दिवसभर औषधाने भिजलेलं असे. "गार लागस, नाना," तो वडिलांना म्हणायचा. उन्हात काम करणाऱ्याला तेवढंच सुख, असं आम्हाला वाटे.

एका दुपारी तो सरीतच खाली बसला. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला शिरपूरला नेलं; त्याची बायको आणि मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी आधी त्याची पाठ साबणाने धुवायला लावली, मग इंजेक्शनं सुरू केली. "पंप गळतो हे मला दिसत होतं," वडील डॉक्टरांना म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत त्याचा श्वास सुधारला, पण तो बरळायला लागला. उठून पळू बघे, म्हणून नर्सने त्याचे हात पलंगाला बांधले. ते पाहून त्याची बायको उभी राहिली.

"आठे उना तवय बिमार व्हता, पन शहाना व्हता. आते येडा करी टाका तुम्ही. मी याले डोंगरमा लई जास. आमना बडवा देखी लेई."

बडवा म्हणजे त्यांच्या पाड्यावरचा वैदू. डॉक्टरांनी समजावलं की बरळणं इंजेक्शनामुळे आहे, ते उतरेल. पण इंजेक्शन थांबलं तर माणूस हाती लागणार नाही. तिचा विश्वास बसेना. ती पलंगाच्या गाठी सोडायला लागली. वडिलांनी तिला अडवलं नाही. एवढंच विचारलं, "काय करं म्हंजे राहशी, माय?"

"हात सोडा त्याना. ढोरनामायेक बांधू नका."

कुणीतरी सतत जवळ बसायचं, या अटीवर डॉक्टर कबूल झाले. पडू नये म्हणून गादी जमिनीवर घेतली. एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला वडील.

हात मोकळे होताच ते हवेत फिरू लागले. तीन बोटांनी काहीतरी खुडायचं, कमरेशी न्यायचं, तिथल्या नसलेल्या ओटीत टाकायचं. थोड्या वेळाने त्याला वडिलांचा पांढरा सदरा दिसला आणि तो तिथून वेचू लागला. बायको बघत राहिली.

"नाना, हलू नका," ती म्हणाली. "तुमनी पाठ येचानी बाकी शे."

वडिलांनी निमूटपणे त्याच्याकडे पाठ केली. तिने पदर तोंडावर घेतला. ती हसत होती.

"येडा नही व्हयना हाऊ," ती मला म्हणाली. "काम करी राहिना." आणि भिंतीला टेकून बसली. पुन्हा डोंगराचं नाव तिने काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. भाकर मागितली आणि ती पातळ आहे म्हणून कुरकुरलाही.

वडिलांनी नवा पंप आणला आणि त्याला दाखवला. त्याने तो उचलून बघितला आणि परत त्यांच्याच पुढ्यात ठेवला.

"चांगला शे," तो म्हणाला. "पन तो तुम्ही घ्या, नाना. आम्ही येचसूत."

वडील "बरं" म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षं ते जोडपं वेचणीला येत राहिलं. फवारणी वडील स्वतः करत, सकाळी जेवून, अंगभर कपडे घालून. एकदा त्यांनी पंप उतरवला आणि तसेच चहाला बसले, तर तिने बांधावरून हाक मारली, "नाना, आंग धवा पहिले." वडील कप खाली ठेवून मुकाट्याने विहिरीकडे गेले.