धाकटीचा सैल मुकुट

आईच्या मते मला बसायचं कसं तेच माहीत नाही. जेवता जेवता उठते, फोनवर बोलताना फेऱ्या मारते, आरती चालू असताना समईची वात सरळ आहे की नाही ते बघते. तिचं खरं आहे. झाशीबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. पूर्वी हे सगळं मोजपट्ट्या आणि कॅलिपरवर चालायचं. आता हातात धरायचा स्कॅनर आलाय. तो वस्तूवर निळ्या उजेडाच्या पट्ट्या टाकतो, पट्ट्या कुठे किती वाकल्या ते त्याचे कॅमेरे बघतात, आणि पडद्यावर ती वस्तू जशीच्या तशी उभी राहते. मग तिला मूळ आराखड्यावर ठेवून बघायचं. जुळलं तिथे हिरवं, फुगलं तिथे लाल, कमी पडलं तिथे निळं. दिवसभर हे बघून घरी आलं की मला घरातल्या भिंतीही लाल-निळ्या दिसतात.

श्रावण लागला तेव्हा पुण्याहून दादाचा फोन आला. त्यानं तिथे स्वतःचा फ्लॅट घेतला होता आणि वहिनीची इच्छा होती की या वर्षीपासून महालक्ष्म्या तिकडे बसाव्यात. महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी. आमच्याकडे त्यांचे दोन पितळी मुखवटे आहेत, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. घरात नुसतं मोठी आणि धाकटी म्हणतात. आमचे पूर्वज कधी महाराष्ट्रातून इकडे आले ते कुणालाच धड सांगता येत नाही, पण या दोघींचे चेहरे त्यांच्याबरोबर आले एवढं सगळे छातीठोकपणे सांगतात. रीतीप्रमाणे त्या मुलाच्या घरी जाणार. मी लग्न केलेलं नाही, आणि आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीनं महालक्ष्म्या बसवायच्या नसतात.

“जाऊ देत की,” मी वरवर म्हणाले.

“मग मीही जाते,” आई म्हणाली. “जिथे त्या, तिथे मी. आता या वयात त्यांना सोडून राहू का?”

ती सणापुरतं बोलत नव्हती, कायमचं बोलत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं ट्रंका रिकाम्या करायला घेतल्या. बाबा गेल्यापासून दतिया गेटजवळच्या या घरात आम्ही दोघीच आहोत. दिवसभर भांडतो. पण कामावरून आल्यावर दार उघडायला कुणी नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. मला एकटं राहायचं नव्हतं. हे सरळ आईला सांगायचं सोडून मी नेहमीप्रमाणे मशीनकडे धावले.

झाशीतल्याच नगरा भागात माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं स्कॅनिंगचं दुकान टाकलंय. मोटारीचे तुटके भाग, दातांचे साचे, असलं काहीबाही तो करतो. मुखवटे स्कॅन करायचे, त्यावरून मेणाचे छापायचे, मेणावरून पितळेत ओतून घ्यायचे आणि नवी जोडी पुण्याला पाठवून द्यायची, असा माझा बेत. दादाला चाललं असतं. दिसायला सारख्या असल्या म्हणजे झालं, असं तो म्हणाला. आई मात्र भडकली.

“माझ्या मुलाच्या घरी नकली महालक्ष्मी? तुला काही वाटतं का?”

“बरं, ओतायचं नंतर बघू. नुसत्या स्कॅन तर करू. आठवण राहील.”

फोटोसारखं काहीतरी असेल असं समजून ती कशीबशी तयार झाली. पण मुखवटे माझ्या हाती द्यायला तयार नव्हती. पेटी उघडून तिनं दोघींना हळदकुंकू वाहिलं, अवेळी उठवल्याबद्दल माफी मागितली आणि पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला “भैया, धीरे” म्हणत होती.

दुकानात गाडं अडलं. पितळ चकाकतं. स्कॅनरचा उजेड त्यावरून भलतीकडे उसळतो आणि पडद्यावर चेहऱ्याला भोकंच भोकं पडतात.

“अम्माजी, थोड़ा सफ़ेद स्प्रे करना पड़ेगा,” दुकानदार म्हणाला.

“मुँह पर? देवी के मुँह पर?” आईनं पिशवी जवळ ओढली.

“कपूर जैसा समझ लीजिए. थोड़ी देर में अपने आप उड़ जाता है, पोंछना भी नहीं पड़ता.”

कापूर म्हटल्यावर आईचा चेहरा सैल झाला. कापूर देवीला चालतो. तरी फवारा मारताना तिनं तोंड फिरवलं. दोघी पांढऱ्याफटक झाल्या. ना कुंकू, ना डोळ्यांतलं काजळ. मलाही ते बघवेना, मी टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागले. निळ्या पट्ट्या गालावरून सरकल्या, नाकावर वाकल्या, हनुवटीखाली गेल्या. दोघींचं आटोपेपर्यंत मोठीच्या कपाळावरचा पांढरा थर विरायला लागला होता आणि खालून पितळ डोकावत होतं. आई टक लावून बघत होती. “खरंच उडतंय गं,” ती म्हणाली, आणि तिथेच तिनं हात जोडले.

खरी पंचाईत घरी आल्यावर. मी कुलूप काढून आत गेले, आई पिशवी घेऊन बाहेरच उभी.

“ये ना.”

“अगं, ही काय भाजी आहे, पिशवीतून आत न्यायला? एकदा उंबरठ्याबाहेर गेल्या म्हणजे गेल्या. पावलं काढ.”

भर दुपारी, सणाच्या कितीतरी आधी, मी दारापासून देवघरापर्यंत हळदकुंकवाची पावलं काढली. ताटावर चमचा वाजवला. समोरच्या भाभी गॅलरीत आल्या. “अरे दीदी, इस बार इतनी जल्दी आ गईं?”

“नहीं भाभी,” आई आत येता येता म्हणाली, “अस्पताल गई थीं, एक्स-रे कराने.”

रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला. कामाच्या सवयीनं दोघींचे चेहरे पडद्यावर आणले आणि ताडून बघावंसं वाटलं. पण कशाशी ताडणार? कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूला मूळ आराखडा असतो, यांना कुठला? मग मी धाकटीला मोठीवर ठेवलं. कडेकडेनं सगळीकडे निळं. धाकटी लहान होती. यात नवल काहीच नव्हतं. दोघींचे मुकुट एका मापाचे आहेत, मोठीला नेमका बसतो आणि धाकटीचा डोळ्यांवर घसरतो. दरवर्षी आई त्याखाली कापूस घालते आणि म्हणते, धाकटीच ती, लहानच असणार. आम्हीही हे ऐकतच वाढलो. कुणाला कधी शंका आली नाही, मलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणाऱ्या मला!

पण ते निळं फार सारखं होतं. नाकाला जितकं, कपाळालाही त्याच प्रमाणात. मुद्दाम लहान घडवलेल्या चेहऱ्यात असं होत नाही, कारागिराचा हात कुठेतरी कमीजास्त होतोच. असं फक्त एकाच बाबतीत होतं, आणि ते मी रोज बघते. तापलेला धातू निवताना आक्रसतो, म्हणून ओतकामाचा साचा वस्तूपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. तयार वस्तूवरूनच साचा घेतला, तर नवी वस्तू तेवढी लहान निघते.

मी धाकटीला पडद्यावर किंचित मोठं केलं. जेवढं पितळ आक्रसतं तेवढंच. सगळा चेहरा हिरवा झाला. मोठीच्या डाव्या भुवईपाशी छिन्नी घसरल्याची एक खूण आहे. तीच खूण धाकटीच्याही भुवईपाशी होती, फक्त उथळ, कडा बोथट झालेली. छिन्नी एकदाच घसरली होती. धाकटीला ती खूण ओतीव मिळाली होती.

म्हणजे धाकटी मोठीवरून ओतलेली होती. आमच्या आधी केव्हातरी कुणीतरी जोडी फोडली होती आणि उरलेल्या एकीवरून दुसरी करून घेतली होती.

मी उठून घरभर फिरले. गॅस बंद आहे का ते बघितलं, दोनदा. हातात हुकमी पत्ता आला होता. आई, तू जिला नकली म्हणतेस ती आपल्या देव्हाऱ्यात कधीची बसलीये, एवढं एक वाक्य बोललं की वाद संपला असता. पण ते बोलायला माझी जीभ रेटेना. आईनं जन्मभर जिच्या पायाशी पुरणाचं ताट ठेवलं, तिला मी कारखान्यातल्या नापास मालासारखं उचलून दाखवायचं? चार दिवस मी तळमळत काढले. आई ट्रंका भरत राहिली. शेवटी तिनं बाबांची शाल माझ्या कपाटात आणून ठेवली आणि म्हणाली, ही तुझ्याकडे असू दे. तेव्हा माझा तोल गेला. जेवणाच्या ताटावरच मी सगळं सांगून टाकलं, लॅपटॉप आणून हिरवा चेहराही दाखवला.

आईनं पडद्यावर भुवईपाशी बोट ठेवलं. “ही खूण मला माहीत होती,” ती म्हणाली. “मला वाटायचं, बहिणी आहेत, सारखी असेल.”

“रागावलीस?”

“कुणावर?” तिनं आमटीचं भांडं झाकलं आणि हात धुवायला गेली.

सकाळी चहा ठेवताना ती आपणहून बोलली. “तेव्हाही दोन भाऊ वेगळे झाले असतील. आणि त्यांचीही कुणी आई असेल. तिनं एकेकाला एकेक दिली. म्हणजे खरी धाकटी अजून कुणाच्यातरी घरी बसत असेल. तिच्या शेजारी नवी मोठी.”

“असेल.”

“आणि आपलं काही बिघडलं का? हिनं काही कमी दिलं?” तिनं चहा गाळला. “मग तसंच कर. मोठी पुण्याला जाईल, तिच्याबरोबर नवी धाकटी. ही इथे राहील, हिच्या शेजारी नवी मोठी ओत. आणि इथे तू बसव.”

“मी? मला चालतं?”

“मी सांगतेय ना.”

मला इतका आनंद झाला की मी कामावर जाताना गाडीची किल्लीच विसरले. नगऱ्यातल्या दुकानात मेणाचे चेहरे छापून घेताना मी त्यात पितळ आक्रसण्याचा हिशेब धरला. नवी मोठी जुन्या मोठीएवढीच हवी होती. नव्या धाकटीचं माप आता मोठीएवढं करू का, असं मी आईला विचारलं. आता चूक सुधारता आली असती.

“चूक कसली?” आई म्हणाली. “धाकटी लहानच हवी.”

मुखवटे पितळेत ओतून, घासूनपुसून घरी आले. या खेपेला मी न सांगता पावलं काढली. आईनं चौघींना ओळीनं ठेवलं, कुंकू लावलं, आणि मोठीला आणि नव्या धाकटीला मऊ लुगड्यात गुंडाळून पुण्याच्या ट्रंकेत ठेवलं. मग त्याच ट्रंकेत स्वतःच्या साड्या रचायला लागली.

मी बघतच राहिले. “तू कुठे चाललीस? महालक्ष्मी इथेही आहे ना आता? जिथे त्या तिथे मी, असं तूच म्हणाली होतीस.”

“इथल्या धाकटीला सगळं माहीत आहे. तुलाही माहीत आहे. मोठीला तिथलं काहीच माहीत नाही गं, आणि वहिनीनं कधी महालक्ष्म्या बसवलेल्या नाहीत.” ती साडीची घडी सारखी करत राहिली. “मला काळजी तुझी होती. हे घर महालक्ष्म्यांशिवाय कसं ठेवायचं, तुला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून माझा पाय निघत नव्हता. ती काळजी तूच मिटवलीस.”

मी काय मिटवलं होतं! मी तिला थांबवायला सगळा खटाटोप केला होता, आणि तिला निर्धास्तपणे जाण्याची वाट मीच मोकळी करून दिली होती. मला रडू आलं, रागही आला. मी तिच्याशी स्टेशनपर्यंत बोलले नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझ्या हातात कापसाचा पुडा दिला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी पहाटेपासून पायांवर होते. पुरण घट्ट झालं, अळूची भाजी बरी झाली. दोघींना साड्या नेसवल्या. नवी मोठी अजून फार चकचकीत दिसत होती, तिला कारखान्यातून आल्यासारखं अवघडलेपण होतं. धाकटी मात्र नेहमीचीच. मुकुट चढवला तसा डोळ्यांवर आला. मी आईच्या पुड्यातून कापूस काढला.

नैवेद्य झाल्यावर आईचा फोन आला.

“कापूस घातलास?”

“घातला.”

“इथल्या धाकटीचाही सैलच बसला. वहिनी हसत होती.”

“बसणारच. तूच सांगितलंस तसं माप ठेवायला.”

मग ती पुरणाचं विचारत राहिली, भाभी जेवायला आल्या का ते विचारत राहिली. मी फोन कानाला लावून घरभर फिरत होते. शेवटी थांबले.

“आई, परत कधी येतेस?”

“अगं, एकटी कुठे आहेस तू? दोघीजणी आल्यात ना घरी.”

मी देवघराकडे बघितलं. ताटातल्या पुरणपोळीवरचं तूप गोठलं होतं.

“त्या उद्या जातात, आई,” मी म्हणाले.

पलीकडून दादाच्या घरातली घंटा ऐकू येत होती. आईनं फोन ठेवला नाही.