स्टेट हाऊसचं लिंबू

इकडं परदेशात, पुकेकोहेच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल भरायच्या शेडमध्ये, टामा आणि मी एकाच पट्ट्यावर कांदे भरतो. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "शनिवारी माझ्या नॅनच्या स्टेट हाऊसला ये, ब्रो. काम आहे." नॅन म्हणजे त्याची आजी. माझी शाळा आठवीत सुटली, पण स्टेट म्हणजे राज्य, हाऊस म्हणजे भवन, एवढं कळतं. आजी राजभवनात, आणि तिथं काम! आईला फोन केला. ती म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घाल. कागदं सगळी ने."

तुम्ही जाणार असाल तर आधी ॲप बघा. सुट्टीच्या दिवशी रूळदुरुस्ती निघाली की ट्रेनऐवजी बस येते. माझी ट्रेन मिळाली. पुहिनुईला बदलली, ग्लेन इनेसला उतरलो. इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. तिथं गरम पाय मिळतो. घाबरू नका, कचोरीसारखा पदार्थ आहे, आत चीज-बटाटा असतो.

पत्त्यावर ना गेट, ना पोलीस. कौलारू लाकडी घर, मागं भलंमोठं अंगण, दारात जँडल, म्हणजे रबरी चपला, घातलेला टामा, हातात फावडं.

"लग्नाला आलायस का?"

"तूच म्हणालास काम आहे."

"आहे की. लिंबू उपटायचंय."

पायरीवर बसलेल्या नॅननं माझी कागदांची फाईल बघितली. "हा सरकारी हाउसिंग खात्याचा माणूस असेल तर सांग, मी सही करत नाही."

टामा हसून हसून खाली बसला.

मग नॅननं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून सरकारनं अशी भाड्याची घरं बांधली, तीच स्टेट हाऊस. शेजारशेजारची दोन घरं एकसारखी दिसू नयेत, याचीही काळजी घेतलेली. आमच्या तालुक्यात सरकारी कॉलनीतल्या इमारती इतक्या एकसारख्या, की मामा एकदा भलत्याच्याच घरात चहा पिऊन आला.

आता सोमवारी ट्रक येणार, अख्खं घर उचलून नेणार. जागेवर तीन मजली फ्लॅट. नॅनला दोन गल्ल्या पलीकडं तळमजला मिळालाय.

"घर सरकारचं, नेऊ देत," ती म्हणाली. "लिंबू माझ्या बापानं लावलंय. ते येणार नसेल तर मीही येत नाही."

टामाचा बेत गाडीला दोर बांधून ओढायचा होता. मी फावडं हिसकावलं. आमच्याकडं डाळिंबं अशीच हलवतो: फांद्या छाटायच्या, भोवती चर घ्यायचा, मुळं मातीसकट गोणपाटात बांधायची. गुडघ्याखाली फाईल घेतली. उन्हाकडची बाजू नव्या जागीही उन्हाकडंच हवी. खुणेला काही सापडेना, म्हणून फाईलमधला माझा पासपोर्ट फोटो रबरबँडनं खोडाला उन्हाकडून लावला.

"माझा बाप लावताना एवढी बडबड करत नव्हता," नॅन म्हणाली.

"आजी, तो लावत होता. मी हलवतोय."

शेजारचे दोघं बोलावून चौघांनी ट्रेलरवर चढवलं. नॅन मागून चालत आली, घराकडं वळूनसुद्धा न बघता. नव्या घराच्या दारात फोटो उन्हाकडं करून लिंबू लावलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन. "सगळी पानं गळाली, बॉय. तुझा फोटो तेवढा उरलाय." मी म्हटलं, उपटू नका. पण त्या दिवसापासून कांदे भरताना माझं लक्ष लागेना; म्हातारी माझ्या भरवशावर घर सोडून आली होती.

काल टामानं मोबाईल पुढं केला. खोडाला दोन कोंब, फोटोतल्या माझ्या कानाच्या वर.

संध्याकाळी आईनं विचारलंच, "राजभवनातल्या कामाचं काय झालं रे? लागलं का?"

"लागलं," मी म्हटलं.