आबांच्या हातानं आठ हात

परवा आमच्या घरी होडी आली... हो, होडीच. तापीकाठी राहूनही आमच्या शेतकऱ्याच्या घरात आजवर कधी होडी नव्हती.

माझे सासरे, आबा, यांना गळ टाकून बसायचा भारी नाद. आमच्याकडे मासळी शिजत नाही, म्हणून धरलेला मासा ते परत पाण्यात सोडतात. गाव हसतं... आबाही हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.

सासूबाई गेल्यापासून तेवढाच त्यांचा विरंगुळा. पण चैत्रात काठावर उभ्या उभ्या त्यांना घेरी आली, आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बसून गळ टाकता येईल अशी होडी घ्यायची, असं शेवटी ठरलं.

सारंगखेड्याच्या सुताराकडे दोनच तयार होत्या. दूरदेशीच्या लढाईमुळे खिळे मिळेनात, तिसरी कुठून करणार... एक आठ हात, एक नऊ हात. शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटाव्यात.

मी दोन्हींत बसून पाहिलं. आठ हातांची जरा कूस बदलली की कलायची, नऊ हातांची घट्ट बसायची. मी म्हटलं, नऊचीच घेऊ.

आबा म्हणाले, "ती एकला माणूसले वढावत नही, पोरी. दर वखत कोन्हाले तरी हाक मारनी पडी. मंग मी घरच बसस."

मी मॅट्रिकपर्यंत शिकले, घरातलं सगळं मोजूनमापून करते... पण म्हाताऱ्या माणसाच्या मनातलं हे 'कोणाला हाक मारायची नाही' कशात मोजायचं, ते काही मला येईना. तरी डोळ्यांपुढून ती घेरी हलत नव्हती.

आबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग नऊ हातांच्या होडीपाशी वाकले आणि कोपर टेकवून मोजायला लागले. बोटं पुरती ताणायची, वर दोन-तीन बोटांची जागा सोडायची, मग पुढचं कोपर...

"आठ," ते म्हणाले. "हाईच आठ हातनी शे."

सुतार म्हणाला, "आबा, हाई तं नऊ..."

"तुन्हा हात आखूड शेतस," आबा म्हणाले. "गाडीवर चढाव."

जन्मभर शेतं मोजलेला माणूस... बांध वीतभर सरकला तरी ज्यांना दुरून कळतं, ते आबा. मी पदर सारखा केला आणि पैसे सुताराच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीला हळदीकुंकू वाहिलं, तापीमाईला नारळ दिला. मग मी मुद्दाम जरा बाजूला जाऊन जपाला बसले. एकट्यानं ओढायची त्यांची हौस, आपण मध्ये येऊ नये.

होडी थोडी सरकली... थांबली. परत थोडी सरकली. आबांनी काठावर इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं.

"पोरी," त्यांनी हलकेच हाक मारली, "जराखा हात लाव व."

मी माळ पदरात ठेवली आणि धावले. दोघांनी रेटली तशी ती अलगद पाण्यात गेली. आबा चढून बसले, वळून म्हणाले, "आठ हातनी शे, तरी जड शे."

"हो आबा," मी म्हटलं, "लाकूड ओलं असेल."

ते परत येईपर्यंत मी तिथेच बसून होते. किती माळा झाल्या, ते त्या दिवशी मी मोजलं नाही.