चेहरे झाकले, हात राहिले

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जी कुणी आपल्या संस्थेसाठी रील करते, तिनं हे वाचाच. दाराला आतून कडी घालून लिहितेय.

आमच्या सोलापूरच्या संस्थेत घर सोडून आलेल्या बायका कडक भाकरी करून विकतात. विक्री वाढावी म्हणून या वयात मी रील करायला शिकले. आज सकाळी पहिलं टाकलं. चेहरा कुणाचाच नाही, फक्त भाकरी थापणारे हात. मी स्वतःवरच खूश!

दुपारी खाली कमेंट आली, "हात वळखला. येतो न्यायला."

सुमनला (नाव बदललंय) दाखवली, तर तिनं मनगट पदराखाली घेतलं. त्यावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं आहे. रोज तिच्या हातची भाकरी खाते मी, आणि मला ते दिसलं नाही.

"मॅडम, हितला पत्ता न्हाय न्हवं टाकला?"

टाकला होता. पत्त्यानं गिऱ्हाईक वाढतं, हे कालच शिकले होते.

रील काढून टाकलं, पोलिसांना कळवलं. तरी बाहेर गाडी थांबली की आत सगळ्यांचे हात परातीतच थांबतात.

रील टाकण्याआधी तुम्ही त्या बाईला दाखवता का? मी नव्हतं दाखवलं.