कोपराखाली काही नको

मेट्रनबाई माणसाचं तोंड शेवटी बघायच्या. आधी हात, मग नखं, मग हात उलटे करून पुन्हा हात. तेवढ्यावर समाधान झालं तर मान वर करून नाव विचारायच्या. नव्वदीच्या दशकात मी इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तेव्हा माझी मुलाखत अशीच झाली. माझं सर्टिफिकेट टेबलावर उघडलेलंसुद्धा नव्हतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि मनगटात हिरवा चुडा होता. बाईंनी तो एका बोटानं हलवून बघितला.

"ह्ये कोपराखाली चालत न्हाय."

"सासूबाई काढू देणार नाहीत," मी म्हणाले.

"काढ कोण म्हनलं? वर सरकव."

चुडा कोपराच्या वर सरकत नाही हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मेट्रनबाईंनाही असणारच. त्याच आठवड्यात रविवारी त्या एसटीनं भवानीनगरला आमच्या घरी आल्या. माझे सासरे तिथल्या साखर कारखान्यात होते. सासूबाईंनी चहा पुढं केला, बाईंनी आधी सासूबाईंचे हात बघितले, मग चहा घेतला. बशी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमची सून बाळंतिणी बगनार. रगात बांगडीच्या फटीत बसतं, धुऊन निगत न्हाय. त्याच हातानं ती तुमची भाकरी थापनार. आता तुमीच ठरवा." सासूबाईंनी संध्याकाळच्या आत चुडा उतरवून घेतला, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला, आणि पुढं कितीतरी दिवस मी परातीपाशी बसले की म्हणायच्या, "असू दे, मी करते." या एका उपकारासाठी मी मेट्रनबाईंची जन्मभर ऋणी आहे.

त्यांचं नाव तारामती मारकड. माहेर मेंढरांमागं फिरणारं. त्यांच्या वडलांनी कळप विकून जमीन धरली. नवरा लवकर गेला. मंदा नावाच्या एकुलत्या एका मुलीला नर्सच्या पगारात वाढवत त्या मेट्रनपदापर्यंत पोचल्या होत्या. दवाखाना डॉक्टरसाहेबांचा होता, पण लेबररूम बाईंची होती. आत जायच्या चपला वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या. कोपराखाली बांगडी नको, अंगठी नको, घड्याळ नको, देवाचा गंडाही नको. पेशंट बदलला की हात धुवायचे. आणि ज्याच्या हाताला चीर, जखम, फोड, काहीही असेल त्यानं बरा होईपर्यंत लेबररूमचा आणि ऑपरेशन थिएटरचा उंबरा ओलांडायचा नाही.

रोज सकाळी बेसिनपाशी हातांची हजेरी व्हायची. आम्ही रांगेत हात पुढं करून उभे राहायचो आणि बाई एकेकाला पास किंवा नापास करत जायच्या. सगळ्यांचं झालं की त्या स्वतःचे हात कुणातरी एकापुढं धरायच्या, रोज नव्या माणसापुढं. "बग नीट. मी काय देवाघरनं आलीय व्हय?" बघणाऱ्यानं मोठ्यानं निकाल सांगायचा. तो नेहमी पासच असायचा.

एकदा डॉक्टरसाहेबांच्या बोटात त्यांच्याच बागेतल्या डाळिंबाचा काटा गेला आणि बोट पिकलं. त्या दिवशी एक सिझेरियन होतं. बाई थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, हातमोजे घालणारच आहे ना मी," साहेब म्हणाले.

"हातमोजा म्हंजे हात धुतल्याचा दाखला न्हाय, साहेब. आन् फाटक्या हाताचं ठिगळ तर न्हायच न्हाय."

बाईंनीच फोन करून बारामतीहून सर्जन बोलावला. साहेब स्वतःच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटच्या बाकावर बोट वर करून बसले. शेजारी कुणाचातरी नातेवाईक होता. त्यानं साहेबांना पेशंट समजून विचारलं, "हितला डाक्टर कसा हाय ओ?" साहेब म्हणाले, "डॉक्टर बरा आहे. मेट्रनचं सांगता येत नाही."

आता हातमोजे खोक्यातून ओढून काढतात आणि वापरून फेकतात. तेव्हा तसं नव्हतं. वापरलेले मोजे साबणात धुऊन, गच्चीवर दोरीला वाळवून, आतून बाहेरून पावडर लावून, कापडात बांधून पुन्हा निर्जंतुक करायचे. गच्चीवर वारा सुटला की सगळे पंजे हलून हलून रस्त्यावरच्या लोकांना बोलवायचे, आणि काही लोक खरंच वर बघून थांबायचे. वाळत घालायच्या आधी हौसामावशी, म्हणजे आमची आया, प्रत्येक मोज्यात पाणी भरून दाबून बघायची. बोटातून थेंब आला की तो मोजा बाद. बाईंचे हात लहान. सहा नंबरचा मोजा दवाखान्यात त्यांच्याशिवाय कुणालाच होत नव्हता.

त्या वर्षांत एड्सची भीती तालुक्यापर्यंत येऊन पोचली होती, आणि इतके दिवस मोजे टाळणाऱ्यांना एकाएकी मोज्यांचं प्रेम आलं. छोटे डॉक्टर, म्हणजे साहेबांचे असिस्टंट, सकाळी मोजे घालायचे ते राऊंड संपेपर्यंत काढायचेच नाहीत. बाईंनी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पहिल्या पेशंटचं ड्रेसिंग झालं तेव्हा त्यांच्या मोज्याच्या बोटाला मागून हळूच जांभळं औषध लावलं, तोंड आल्यावर लावतात ते, आणि ट्रे धरून मुकाट्यानं मागं चालत राहिल्या. राऊंड संपला तेव्हा ते जांभळं सगळ्या केसपेपरांवर, दोन चादरींवर, दाराच्या कडीला, फोनच्या रिसीव्हरला आणि छोट्या डॉक्टरांच्या उजव्या कानाला होतं. "आता सांगा," बाई म्हणाल्या, "मोजं कुनाला वाचवत व्हतं?" कानावरचा रंग काही लवकर जाईना. ते तसेच बारामतीला मुलगी बघायला गेले. लग्न ठरलं, पण मुलीच्या आईनं म्हणे कानाचं विचारून घेतलं होतं.

अशा बाई मंदाच्या बाळंतपणाच्या वेळी मात्र अगदी विरघळल्या. मंदा सुप्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून इंदापूरला आली, आणि बाई दुपारच्या सुट्टीत दुपटी शिवायला लागल्या. येईल त्याला सांगायच्या, "माझ्या नातवंडाला पयला हात माझा लागनार." आम्ही हसायचो. एकदा मोज्यांना पावडर लावता लावता त्या मला म्हणाल्या, "मंदीच्या आदी एक पोरगा झालता. घरीच. सुईनीनं हात न धुताच नाळ कापली. धनुर्वातानं गेला." एवढं बोलून त्यांनी पुढचा मोजा उचलला. मीही एक उचलला.

त्या हिवाळ्यात बाईंचे हात उलायला लागले. वर्षानुवर्षांचा साबण, सॅव्हलॉन, रबर, पावडर. आधी पेरांवर कोरडेपणा आला, मग बारीक चिरा पडल्या. हजेरीला बाई नेहमीसारखे हात पुढं करायच्या. हौसामावशीनं बघितले आणि म्हणाली, "पास." छोट्या डॉक्टरांनी बघितले, स्वतःच्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "पास." साहेबांवर पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "थंडी आहे. खोबरेल लावत जा. पास." मंदाचे दिवस भरत आले होते आणि बाईंच्या दुपट्यांची चळत सगळ्यांनी बघितली होती. एवढ्या मायेच्या माणसाला नापास कोण करणार?

खोबरेलानं हात मऊ पडले, पण रबराचं आणि तेलाचं जमत नाही. कितीही धुतलं तरी चिरांमध्ये तेल राहायचं आणि मोजा चिकट होऊन फाटायचा. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. एका दुपारी हौसामावशी गच्चीवरून मला हाक मारायला आली. तिच्या हातात पाणी भरलेला मोजा होता आणि त्याच्या तर्जनीतून पाण्याची बारीक धार लागली होती.

"कुनाचा हाय त्ये इचारू नगंस," ती म्हणाली.

विचारायची गरज नव्हती. मोजा सहा नंबरचा होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीला बाईंनी हात नेमके माझ्यापुढं धरले. उजव्या तर्जनीच्या पेरावर चीर उघडी होती, आतलं लाल दिसत होतं. मी मान वर केली. बाई पहिल्यांदाच माझ्या हाताकडं न बघता तोंडाकडं बघत होत्या. ज्या बाईनं मला या कामात आणलं, जिची लेक आज नाही तर उद्या बाळंत होणार, तिला मी दारातून परत पाठवणार होते.

"नापास," मी म्हणाले.

"मोट्यानं म्हन. मागं ऐकू गेलं न्हाय."

मी पुन्हा म्हणाले. या वेळी व्हरांड्यापर्यंत गेलं असावं.

बाईंनी हात खाली घेतले आणि रांगेकडं वळल्या. "काल कोन व्हतं? परवा कोन व्हतं?" साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. "खरजेचं मेंढरू येगळं बांदत्यात. ह्ये मालकाचं का पावन्याचं, असं कुनी इचारत न्हाय." मग त्यांनी लेबररूमच्या चपला काढल्या, रॅकवर नीट जोडून ठेवल्या आणि बाहेरच्या घातल्या. दुपारी चहा त्यांनी माझ्याशेजारी बसून घेतला.

बारामतीच्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाईंना साबण आणि रबर दोन्ही सोसत नाही. हे काम सुटल्याशिवाय हात बरे होणार नाहीत. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी बेसिनशेजारी एक स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आता फक्त बघा. कोण हात धुतो, कोण नाही."

"त्ये मी फुकटात करतच व्हते," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मंदाला कळलं तेव्हा तिनं रडून गोंधळ घातला. "आई, दोन मोजं घाल एकावर एक. पन तूच ये. मला दुसऱ्या कुनाचा हात नगं."

बाई तिच्या केसांवरून हात फिरवायला गेल्या आणि हात तसाच मागं घेतला. "तुज्या भावाची नाळ कापली ती सुईन परकी न्हवती, मंदे. माजी सख्खी आत्या व्हती. माज्यावर लई जीव व्हता तिचा. जीव असला म्हनून हात सवच्छ व्हत न्हाय."

मीही तिथंच होते. ही गोष्ट बाईंनी इतकी वर्षं कशी पोटात ठेवली असेल, ते मला आजही उमगत नाही.

मंदाला कळा लागल्या त्या एका सकाळी, ओपीडी भरलेली असताना. मी हात धुवायला बेसिनपाशी गेले. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या.

"अंगठा राह्यला."

मी अंगठा धुतला.

"डावा."

डावाही धुतला. मग मी आत गेले आणि बाई लेबररूमच्या उंबऱ्याशी येऊन पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. आतून मंदा ओरडायची, "आई!" बाहेरून उत्तर यायचं, "हितंच हाय." दर कळेला तेवढंच. मध्येच आवाज फुटायचा, पण "हितंच हाय" चुकलं नाही. साहेब माझ्याशेजारी होते. बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर त्यांनी मला पुढं केलं आणि म्हणाले, "तू घे. त्यांनी तुलाच शिकवलंय." मुलगी झाली. लगेच रडली.

मुलीला पुसून, बाईंनीच शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून मी बाहेर आणलं. आमच्याकडं बाळ पहिल्यांदा आजीच्या ओंजळीत देतात, म्हणून सवयीनं मी हात पुढं केले. बाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले. एकदा मुलीकडं बघितलं आणि वळून बेसिनकडं गेल्या. हौसामावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "रडाय गेली गं."

नळ सुटल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं. बाई साबण लावून तोंड धुत होत्या. कपाळ, गाल, हनुवटी, कानामागं, आम्हाला हात धुवायला शिकवलं होतं तसं एकेक करत, आणि चिरांना साबण झोंबत असणार तरी सावकाश. निर्जंतुक केलेला टॉवेल मागून घेतला, तोंड टिपलं आणि परत आल्या. हात पुन्हा पाठीमागं बांधले, वाकल्या आणि आपला ओला, लाल झालेला गाल नातीच्या गालावर टेकवला.

"बाई..." मी म्हणाले.

"गालाला काय झालंय?" त्या तशाच वाकून म्हणाल्या.

त्यांनी गाल लवकर उचलला नाही. मी पोर धरून उभी राहिले.