बुधला माचीखालची वाट

राजगडाकडून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर चार घरांचा धनगरवाडा होता. सोजराबाईचं घर त्यातलं अगदी टोकाचं. तिचा नवरा बिरू शेळ्या राखायचा, आणि कुणी हौशी माणसं धारेवरून निघाली की त्यांना तोरण्याला पोचवून यायचा. १९५३ च्या भाद्रपदात भोरच्या शाळेतले ड्रिलमास्तर मानसिंग आपल्या दोन मित्रांना घेऊन दारात आले, तेव्हा बिरूनं लगेच घोंगडी खांद्यावर टाकली.

"गवत वलं हाय अजून," सोजराबाई म्हणाली. "दोन दिस दम धरा की."

"मास्तरांची रजा सरंल न्हवं," बिरू हसला. "आन वाट काय मला नवी हाय?"

तो गेला आणि दुपारी खालच्या दरीतून धुकं वर चढलं. बघता बघता समोरचा तोरणा दिसेनासा झाला. सोजराबाई हातातलं काम टाकून सारखी दारात येत होती. तेवढ्यात मास्तरांच्या मित्रांपैकी एक जण धापा टाकत आला. त्याचे दोन्ही गुडघे सोलवटले होते.

"बिरू पडला," तो म्हणाला. "तोरण्याच्या बुधला माचीच्या खाली. जिवंत आहे. दोर पाहिजे."

वाड्यावरचे गडी गुरं घेऊन पार खाली उतरलेले. घरात म्हातारी सासू, बनाबाई, तेवढी होती. "गडीमाणसं येऊ दे गं पोरी," ती कळवळून म्हणाली. सोजराबाईनं खुंटीवरची भारे बांधायची दोन्ही चऱ्हाटं काढली, एकाला एक गाठ मारली, गाठीवर पाय देऊन ओढून बघितलं, आणि ती त्या माणसाच्याही पुढं धावत सुटली.

माचीच्या पोटाला वाट आडवी जाते. वर कातळ, खाली निसरडं गवत, गवत संपलं की कडा. तिथं दुसऱ्या मित्राला पाय धरायला लावून मानसिंग मास्तर पालथे पडून खाली वाकून बोलत होते. "बिरू, डोळे मिटू नकोस. शेळ्या किती आहेत तुझ्या? सांग मला."

दोन पुरुष उंचीइतकं खाली, बाजेएवढ्या कपारीवर बिरू पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. त्या कपारीखाली नुसतं धुकं.

"मी उतरतो," मास्तर म्हणाले.

सोजराबाईनं त्यांच्या आडदांड देहाकडं बघितलं. "तुमी वर धरा मास्तर. तुमचं वजन ह्या दोघांला पेलायचं न्हाई." तिनं चऱ्हाट स्वतःच्या कमरेला बांधलं, लुगड्याचा काष्टा आवळला आणि कातळाला तोंड करून ती खाली उतरली. पाय ठेवील तिथली माती सुटत होती.

बिरूनं डोळे उघडले. "तू कशापायी आलीस?"

तिनं घोंगडी त्याच्या काखेखालून गुंडाळली, स्वतःच्या कमरेची गाठ सोडली आणि चऱ्हाट घोंगडीवरून त्याच्या छातीशी आवळलं.

"आन तू?" त्यानं तिचं मनगट धरलं.

"म्या हाय हितंच. सोडा." मग तिनं वर हाक दिली, "वढा!"

बिरूचा पाय कातळाला घासला तसा तो गुरासारखा ओरडला. सुटलेला एक दगड सोजराबाईच्या खांद्यावर बसला. ती कातळाला पाठ लावून उभी राहिली. थोड्या वेळानं वरचे आवाज दबले. धुकं इतकं दाट झालं की तिला स्वतःचे पायही दिसेनात.

"वहिनी, चऱ्हाट टाकलंय!" वरून मास्तर ओरडले.

कुठं टाकलं? डाव्या अंगाला काहीतरी सरपटल्यासारखं वाजलं. तिनं हात लांब केला. ओलं गवत लागलं. अजून थोडी वाकली. गवताखाली पोकळी होती, हे तिच्या बोटांना कळलं. तिनं हात मागं घेतला, गुडघ्यांवर बसली आणि कातळ चाचपत चाचपत सरकली. चऱ्हाट हाताला लागलं तेव्हा ते कमरेला बांधायचंही तिला सुचेना. नंतर कसंबसं बांधलं आणि वरच्यांनी तिला ओढून घेतलं.

घोंगडीची झोळी करून बिरूला वेल्ह्याला नेलं. हाडवैद्यानं पाय बसवला, तो सांधला, पण आखूड राहिला. वाड्यावर एक-दोघं हसून गेले, "बायकुनं वर काढला व्हय रं?" बिरूनं तोंड फिरवलं. सोजराबाईशीही तो कामापुरतंच बोलू लागला. तिनं पुढ्यात भाकरी ठेवली तरी मान वर करायचा नाही.

माघात मानसिंग मास्तर पुन्हा आले. बरोबर भोरची चौघं होती. बिरू उठून आत गेला. "म्या नेते," सोजराबाई म्हणाली. शेळ्यांमागं त्या वाटेनं ती किती वेळा गेली होती. शिवाय आता गवत वाळलं होतं, ऊन स्वच्छ होतं.

पण त्या जागेवर आली आणि तिचे पाय जागच्या जागी गोठले. बिरू पडला त्या दिवशी जे वाटायला सवड मिळाली नव्हती ते सगळं आता अंगावर आलं. बोटांना ती गवताखालची पोकळी आठवली. ती वाटेतच खाली बसली.

"मास्तर, मला जमत न्हाई," ती म्हणाली.

मास्तरांनी सगळ्यांना माघारी वळवलं. सोजराबाई घरी आली ती मान खाली घालून. बिरूनं ते बघितलं. काही दिवस गेले आणि एका सकाळी तो काठी घेऊन दारात उभा राहिला.

"चल."

"कुठं?"

"बुधल्याखाली."

त्याच्या लंगड्या चालीनं तिथं पोचायला ऊन डोक्यावर आलं. बिरू वाटेच्या तोंडाशी दगडावर टेकला.

"पडलो तवा मला भ्या वाटलं न्हाई," तो म्हणाला. "तू कमरंची गाठ सोडलीस तवा वाटलं. वर आलो, तू खालीच, आन धुकं. तवापासनं तुझ्याकडं बगितलं की त्येच दिसतं. म्हणून बगत न्हाई."

सोजराबाईनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं, तुमास्नी लाज वाटती माजी."

"लाज वाटली व्हती. थोडी," तो म्हणाला. "जा आता. बसून जा, बसायला कुणाची मनाई हाय? म्या हाक देतो."

ती बसली. हातांनी कारवीची खोडं धरत, बूड टेकत ती पुढं सरकू लागली. मागून बिरू हाक द्यायचा, ती "व्हय" म्हणायची. मधल्या जागी तिची ओ आली नाही. बिरू उठून उभा राहिला, काठी हातातून गळून पडली. "सोजरा!" तो ओरडला. मग पलीकडून तिचा रडका, हसरा आवाज आला, "आले की वो!"

बिरू त्या दगडापलीकडं पुन्हा कधी गेला नाही. माणसं आली की तो त्यांना हळूहळू त्या दगडापर्यंत आणायचा, आणि तिथून पुढं तोरण्यापर्यंत सोजराबाई न्यायची. पावसाळ्यानंतर गवत वाळेपर्यंत ती कुणालाच नेत नसे. एका आश्विनात खुद्द मानसिंग मास्तरांना तिनं ताक पाजून अडवलं. मास्तर आधी रागावले, मग गवत वाळायची वाट बघत तिथंच ओसरीवर पथारी टाकून चार दिवस राहिले.